रोज किती कॅलरी हव्यात? कामावरून ठरते ताट

‘दिवसाला दोन हजार कॅलरी’ हा आकडा सर्रास सांगितला जातो. पण तो सर्वांना सारखा लागू होत नाही. वय, वजन आणि रोजचे श्रम यांवर गरज ठरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात. शेतमजुरीसारखे मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला २,१३०, तर दगड फोडण्यासारख्या अतिश्रमात २,७२०. म्हणजे राबणाऱ्या बाईने सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाणे तिच्या शरीराला परवडणारे नाही.

नुसत्या भाकरी-भाताने कॅलरी भरतात, पोषण अपुरे राहते. संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २,००० कॅलरींच्या आहारात :

- धान्ये : २५० ग्रॅम
- डाळी, कडधान्ये किंवा अंडी-मांस : ८५ ग्रॅम
- भाज्या : ४०० ग्रॅम
- फळे : १०० ग्रॅम
- शेंगदाणे, तीळ आदी : ३५ ग्रॅम
- दूध-दही : ३०० मिली
- तेल-तूप : २७ ग्रॅम

धान्यांतून मिळणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. त्यामुळे आणखी एक भाकरी घेण्याआधी आमटीची वाटी पुन्हा भरावी.