मांस खावे की न खावे?

मागील महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलाने आम्हांला विचारले, “फादर, माझा जैन मित्र म्हणतो, मांस खाणे पाप आहे. मग आपण का खातो?” बेळगाव भागात जैन व लिंगायत कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात. त्यांना ‘आमच्यात चालते’ एवढेच उत्तर देणे बरे नव्हे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला अन्न म्हणून धान्य व फळे देतो. मांसाची मोकळीक येते नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, आणि तीही रक्त वर्ज्य करून. जीव घेणे ही किरकोळ गोष्ट नव्हे, याची आठवण त्या परवानगीतच आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे संत पौल रोमकरांना बजावतो. उपवासकाळातील शुक्रवारी आपण मांस सोडतो, ते अपवित्र म्हणून नव्हे. चांगली वस्तू प्रभूसाठी सोडायची म्हणून.

मग पाप कोठे? ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने अन्नासाठी जनावरांचा उपयोग मान्य केला आहे, पण त्यांना विनाकारण यातना देणे मनुष्याला शोभत नाही असेही सांगितले आहे. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदाही तेच म्हणतो : अन्नासाठी मारणे गुन्हा नाही, अनावश्यक वेदना देणे गुन्हा आहे.

आता आठवडी बाजाराच्या सकाळी रस्त्यावर उभे राहून पाहा. सायकलच्या हँडलला पाय बांधून कोंबड्या उलट्या लोंबत असतात, चोची उघड्या. (लहानपणी आम्हीही अशाच नेल्या आहेत.) उलटे टांगल्यावर पोटातील अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर पडतो व कोंबडीला श्वास घेणे जड जाते. बांबूच्या डालग्याला असा काय खर्च येतो?

सणाला घरी डुक्कर कापणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. जनावराला फार दमवले, दिवसभर त्रास दिला, तर त्याच्या स्नायूंतील साखर आधीच संपते. मग मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते काळपट पडते आणि लवकर नासते. म्हणून त्याला ओढत, बडवत आणू नये. दुसऱ्या जनावरांच्या देखत कापू नये. आदल्या रात्री खाणे बंद करावे. पाण्याची बादली मात्र शेवटपर्यंत पुढ्यात असू द्यावी.