शिपाई आहेत, पण हात बांधलेले!

परवा हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, “छातीत गाठ लागतेय हो. दुखत नाही. तीन महिने काढा घेतेय. प्रतिकारशक्ती वाढली की जिरेल आपोआप.” दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पण मनात आलं, रोगाशी लढणाऱ्या पेशी अंगात असताना कर्करोग वाढतो तरी कसा?

लंडनचे डॉक्टर स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून १८८९ साली एक विचार मांडला. हा रोग वाटेल तिथे पसरत नाही, ठराविक अवयवांतच रुजतो. बी कितीही पडो, जमीन मानवली तरच ते उगवते.

आता कळले आहे की कर्करोग ही जमीन स्वतःच तयार करून घेतो. जखम भरणाऱ्या पेशींना तो कामाला लावतो. त्या गाठीभोवती तंतूंचे दाट कुंपण घालतात. कचरा साफ करणाऱ्या पेशी फितूर होऊन त्याला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. आत प्राणवायू कमी, आम्ल जास्त. तिथे पोचलेल्या लढाऊ पेशी दमून जातात.

शिवाय या लढाऊ पेशींनी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिलेला असतो. कर्करोग नेमका तोच दाबतो. शिपाई दारात उभे, पण हात बांधलेले! जपानचे तासुकू होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांच्या संशोधनातून हे ब्रेक सैल करणारी औषधे निघाली. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे काही रुग्णांना चांगली लागू पडतात, सर्वांना नाही. आणि ती फार महाग आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, काढ्याने हे बांधलेले हात सुटत नाहीत. तेवढे दिवस मात्र वाया जातात. स्तनात गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आले, तर लाजू नका, थांबू नका. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण ते तपासणीनेच कळते. रोग लवकर सापडला तर उपचारांना यश येण्याची शक्यता पुष्कळ असते.

वहिनींची गाठ साधी निघाली. पण ते तीन महिने त्या नशिबावर विसंबून होत्या, एवढंच!