आमच्या वॉर्डातली आडवी बाटली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं किराणा दुकान होतं. म्हातारे शेठजी वारले, मुलं पुण्याला गेली आणि दुकानाचं शटर दोन वर्षं गंजत पडलं. मागच्या दिवाळीनंतर अचानक त्याला रंग लागला. आम्हा बायकांना वाटलं, पिठाची गिरणी येतेय. शेजारच्या काकू तर म्हणाल्यासुद्धा, "बरं झालं बाई, दळणाचा डबा घेऊन चौकापर्यंत जायला नको!" आठ दिवसांनी पाटी लागली, सरकारमान्य देशी दारूचं दुकान.

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते. शाळा त्या दुकानाच्या बरोबर मागच्या अंगाला आहे. संध्याकाळी शाळा सुटते तेव्हाच दुकानापुढे गर्दी व्हायची. मोठ्या मुली रस्ता बदलून लांबून जाऊ लागल्या. एका मुलीच्या आईनं तर सरळ सांगितलं, "बाई, आता हिला नववीनंतर घरीच ठेवणार." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शाळेजवळ दारूचं दुकान चालत नाही, एवढं आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत असतं. आम्ही चौघीजणी टेप घेऊन निघालो. (टेप शिवणकामाची, त्यामुळे दर दीड मीटरला खडूची खूण!) दुकानाच्या मागच्या भिंतीपासून शाळेचं कुंपण अगदी हाकेच्या अंतरावर भरलं. पण कचेरीत गेल्यावर कळलं, की अंतर तसं मोजत नाहीत. दुकानाच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत, माणूस पायी ज्या नेहमीच्या वाटेनं जाईल ती वाट मोजतात. शाळेचं फाटक पलीकडच्या रस्त्याला, म्हणजे सगळी गल्ली वळसा घालून. किती अंतर सोडायचं हे परवाना कोणता यावरही ठरतं. परमिट रूमला शाळा-देवळापासून 75 मीटर सोडावे लागतात. आमचं दुकान मोजणीत सुटलं. कायद्यानं सगळं ठीक!

मला दुसरा प्रश्न पडला होता. नवे परवाने बंद आहेत असं म्हणतात, मग हे दुकान उगवलं कुठून? तर गंमत अशी, की महाराष्ट्रात वाइन शॉपचे आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणं सत्तरच्या दशकात थांबलं आणि पुढे कित्येक दशकं तेच धोरण राहिलं. आकडा वाढत नाही, पण असलेला परवाना हलतो. जुन्या पेठेतलं गिऱ्हाईक कमी झालं, की मालक परवानगी घेऊन नव्या वस्तीत येतो. सरकारी वहीत दुकान एकच, आपल्या दारात मात्र नवं.

वरच्या कोर्टानं मनावर घेतलं तरी वाटा निघतातच. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा निकाल दिला. 31 मार्च 2017 ला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर झालं. काही राज्यांनी तर शहरातून जाणारे रस्ते महामार्गाच्या यादीतूनच काढून टाकले. शेवटी जुलै 2017 मध्ये न्यायालयानंच सांगितलं, की नगरपालिकेच्या हद्दीतल्या दुकानांना हा निकाल लागू नाही. आपण शहरवाल्या परत जिथल्या तिथं.

आपल्या हातात एक गोष्ट मात्र राहते. 2008 च्या सरकारी आदेशानं गावातल्या आणि वॉर्डातल्या बायकांना दुकान बंद करायचा अधिकार मिळाला आहे. वॉर्डाच्या मतदारयादीतल्या निदान 25 टक्के बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्या खऱ्या आहेत का ते अधिकारी तपासतात, मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा.

सह्यांसाठी आम्ही दोन महिने फिरलो. स्वयंपाक सकाळीच उरकायचा, दुपारी दोन ते पाच दारोदार. घरोघरी चहा झाला, सह्या मात्र सगळीकडे झाल्या नाहीत. एका वहिनींनी दाराआडूनच हात जोडले. त्यांचा नवरा त्या दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक. आमच्याकडे धुणं धुणाऱ्या मावशी मात्र वेगळंच बोलल्या. "ताई, सही करते. पण इथलं बंद झालं तर तो नदीपलीकडची हातभट्टीची पिऊन येईल. त्यानं मेला तर?" मला उत्तर सुचलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये सरकारनं ती उठवली, तेव्हाही चोरट्या दारूचंच कारण पुढे आलं होतं. त्यांची भीती खोटी नाही. तरी शाळेच्या वाटेवर दुकान नको, एवढं त्यांनाही पटलं आणि त्यांनी अंगठा न उठवता सावकाश अक्षरं जुळवून सही केली.

मतदानाच्या दिवशी आमच्या बायका नटूनथटून आल्या, एक आजी तर रिक्षातून. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीला सातशे वीस मतं, उभीला पन्नासही नाहीत. आम्ही पेढ्यांचा पुडा उघडणार, तोच साहेब म्हणाले, "दुकान चालू राहील."

नियम असा, की झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त हवीत. आमच्या यादीत सोळाशे नावं. म्हणजे आठशे एक मतं हवी होती. जी घरी बसली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला!

मग मी यादी घरी आणून रात्रभर पाहिली. हे काम आधी करायला हवं होतं, ही चूक माझीच. देवाघरी गेलेल्या सासवा, बदली होऊन गेलेली बिऱ्हाडं, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, अशी दोनशे चाळीस नावं निघाली. ती नसती तर सहाशे एक्याऐंशी मतांत दुकान बंद झालं असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत असा प्रसंग आला तर सह्यांच्या आधी यादी हातात घ्या. वारलेल्यांची नावं काढायला 7 नंबरचा फॉर्म असतो, पत्ता बदललेल्या बाईनं 8 नंबरचा भरायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सोसायटीच्या गाळ्यात दारूचं किंवा बिअरचं नवं दुकान यायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल, असं सरकारनं मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केलं. तेव्हा सोसायटीच्या सभेला नुसतं 'ह्यांना' पाठवू नका, स्वतः जा.

आम्ही पुन्हा फिरतोय, या वेळी फॉर्मचा गठ्ठा घेऊन. पहिला फॉर्म माझ्याच घरचा निघाला. नणंदबाई नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन नाशिकला गेल्या, त्यांचं नाव अजून आमच्याच यादीत होतं. फोन केला तर हसून म्हणाल्या, "वहिनी, म्हणजे मी तिकडे बसून उभ्या बाटलीला मत दिलं की!" आणि दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरून मोकळ्या झाल्या.