कालवांनाही होईल की सवय!

पिंपरीच्या मासळी बाजारात तिसऱ्यांचा वाटा पिशवीत पडेपर्यंत तापलेल्या समुद्राचा विषय निघालाच, तर एक वाक्य हमखास कानावर येतं: “होईल की त्यांनाही सवय. आपल्याला नाही का झाली चाकणच्या ट्रॅफिकची?”

उदाहरण चांगलंय, पण ते बोलणाऱ्याच्याच विरोधात जातं. चाकणच्या तळेगाव चौकाची ‘सवय’ झालेला माणूस करतो काय? घरून तासभर आधी निघतो. तो तास झोपेतून कापला जातो.

शिंपल्यातल्या जिवाचं हेच होतं. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र पितो. त्यातून पाण्यात कार्बॉनिक आम्ल तयार होतं आणि कवचाला लागणारे कार्बोनेट आयन घटतात. कालव तरीही कवच बांधतं, पण त्यासाठी जास्त शक्ती खर्च करून. मग वाढीला आणि प्रजननाला कमी उरते. मोठं कालव हा खर्च कसाबसा पेलतं. पिल्लाला मात्र अंड्यातल्या शिदोरीवर पहिल्या दोन दिवसांतच कवच उभं करायचं असतं. अमेरिकेत ओरेगनच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत 2007 च्या सुमारास कालवांची कोट्यवधी पिल्लं मेली. दोष निघाला खोल समुद्रातून वर येणाऱ्या, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्याचा. पिल्लांना सवय झालीच नाही. हॅचरीवाल्यांनी पाण्यात सोडा ॲश मिसळायला घेतला. चाकणच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपी ऑपरेटरला हा उपाय शिकवावा लागणार नाही.

मग जुळवून घेणं खोटं का? नाही. ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या सिडनी रॉक कालवांच्या पिल्लांची कवचं अशा पाण्यात रानटी पिल्लांपेक्षा कमी खुंटली. पण ही निवड आहे, सवय नव्हे: जे तगतात, त्यांचीच पुढची पिढी. बाकीचे मरतात, हे वाक्य ‘होईल सवय’ म्हणणारे गिळून टाकतात. प्रवाळांना तर तेवढीही सवड नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभर जास्त, तेही काही आठवडे राहिलं, की अंगातलं शैवाल गमावून ते पांढरे पडतात. मालवणच्या सागरी अभयारण्यातलं असं विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलं आहे.

आता किरकोळ गैरसमज.

“समुद्राचं ॲसिड झालं.” नाही. औद्योगिक क्रांतीपासून पीएच 8.2 वरून 8.1 वर आलाय. पाणी अजून अल्कधर्मीच आहे. पण ही मोजपट्टी लॉगरिदमिक असल्याने तेवढ्यात हायड्रोजन आयन जवळपास 30 टक्क्यांनी वाढले.

“हे सगळं इंद्रायणीच्या फेसामुळे.” फेस हा वेगळा गुन्हा. इंद्रायणी आणि पवना भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जातात. समुद्राला आम्लतेकडे ढकलतो तो चिमणी आणि सायलेन्सरमधला वायू. त्याला नदी लागत नाही.

“कवचवाले सगळेच संपणार.” अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 18 जातींवरच्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइड बराच वाढवल्यावर खेकडा, लॉबस्टर आणि कोळंबीने उलट जास्त कवच बांधलं. त्याच प्रयोगात कालवांचं आणि तिसऱ्यांच्या भाऊबंदांचं मात्र घटलं.