पावसाळ्यातली भाजी : रोप कुंडीत केव्हा लावाल?

गेल्या वर्षी जून महिन्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीतल्या वहिनी तपासायला आल्या होत्या. चार पावले चालले तरी धाप लागते, पाय गळून जातात, ही तक्रार. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीप्रमाणे सांगितले, "रोज पालेभाजी खा." त्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टरानू, भाजी खावक सांगतास, पण पावसात भाजी खंय गावता? गावली तर परवडता खंय?"

मला उत्तर सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताटातले ताजे मासे जातात. भाजी येते ती बेळगाव आणि कोल्हापूरकडून, आंबोली, फोंडा किंवा करूळ घाट उतरून. घाटात दरड कोसळली की बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकवत नाही. वर्षातले जे दोन महिने आपल्या किनाऱ्यावरच्या बाईच्या ताटात सर्वांत कमी पडते, त्याच दोन महिन्यांत आम्ही डॉक्टर तिला पालेभाजी सांगतो. म्हणून या आठवड्यात औषधाबद्दल न लिहिता बी रुजवण्याबद्दल लिहितो आहे. मृगाला अजून वेळ आहे, तोवर हे काम होण्यासारखे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हिमोग्लोबिन बाईमाणसात 12 च्या खाली आणि गरोदरपणी 11 च्या खाली गेले तर तो पंडुरोग. तो एकदा झाला की भाजीने भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. भाजीचे काम पुन्हा खाली जाऊ न देण्याचे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था रोज माणशी साधारण 100 ग्रॅम पालेभाजी सांगते. चार माणसांच्या घराला ती कुंड्यांतून रोज पुरणार नाही, हेही कबूल करतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा पुरेल, आणि काहीच न मिळण्यापेक्षा ते पुष्कळ आहे. पालेभाजीतले लोह शरीर कमीच घेते. त्यासोबत लिंबू पिळले किंवा कच्ची हिरवी मिरची चावली तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे ते जास्त घेतले जाते. जेवणावर लगेच चहा प्यायलात तर मात्र त्यातले बरेच फुकट जाते.

आता बियांकडे वळू. भाताचा तरवा काढून लावणी कशी करायची हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण म्हणून प्रत्येक बियाण्याचा तरवा करायचा नसतो, इथेच पहिली चूक होते. तांबडी भाजी, मेथी, मुळा, कोथिंबीर ही मंडळी एकदा रुजली की जागा सोडायला राजी नसतात. ती जिथे खायची तिथेच पेरावीत. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे मात्र रोप करून मग कुंडीत लावायचे.

तांबड्या भाजीला कुंडीच हवी असे नाही. मासळीचे थर्माकोलचे जुने खोके उत्तम. ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन मीठ काढावे, तळाला बोटभर जाडीची सात-आठ भोके पाडावीत. तांबडी माती दोन भाग आणि पुरते कुजलेले शेणखत एक भाग. माती हलकी करायला सोडणांचा भुसा घालतात, पण आपल्याकडे सोडणे खाडीत कुजवतात, त्यामुळे भुशात खार असतो. तो गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून, पाणी बदलून, पिळून मगच वापरावा. किनाऱ्यावरची वाळू घालू नये. मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होत असेल तर बियांपुरते तरी गोडे पाणी बाजूला ठेवावे. तांबड्या भाजीचे बी बारीक असते, ते मूठभर कोरड्या मातीत मिसळून भुरभुरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. साधारण चार आठवड्यांत भाजी कापायला येते. मुळासकट उपटू नये, चार बोटे ठेवून कापली की पुन्हा फुटते.

मिरचीची गोष्ट वेगळी, आणि ती मी स्वतःची फजिती करून घेऊन शिकलो. दवाखान्यामागे एका डब्यात बी टाकले होते. दहाव्या दिवशी दोन-दोन पाने घेऊन रोपे वर आली. मला वाटले, दोन पाने आली म्हणजे झाले, लगेच बावीस रोपे कुंड्यांत लावली. आठवड्यात एकही उरले नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने डबा पाहून सांगितले, "डॉक्टरानू, ती पाना न्हय."

तो बरोबर बोलला होता. बी उघडल्यावर जी गुळगुळीत, लांबट पानांची पहिली जोडी दिसते ती बियांतली दले. बाळाला आईचे दूध तशी ती रोपाची सोबत आणलेली शिदोरी. तेव्हा मूळ दोऱ्याइतके असते आणि त्याला फांद्या नसतात. ते तुटले की सगळे संपले. त्यानंतर मधून जी पाने फुटतात, मिरचीच्या झाडाला असतात तशी, ती खरी पाने. खऱ्या पानांची एक जोडी आली की रोप लहान पेल्यात हलवता येते. मोठ्या कुंडीत लावायचे ते चार-पाच खरी पाने आणि चार-पाच बोटे उंची झाल्यावर. मिरचीला पेरणीपासून पाच-सहा आठवडे लागतात, टोमॅटोला तीन-चार. पण दिवस मोजण्यापेक्षा पाने मोजा.

तोवर रोपांना उजेड भरपूर हवा. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य पिवळे आणि उंच होते ते आपण पाहतो. देवघरात ते शोभते, पण तसेच मिरचीचे रोप पडवीच्या कोपऱ्यात झाले तर मान टाकते. दुसरा शत्रू जास्त पाणी. आपल्या दमट हवेत रोप मातीलगत काळे पडून एका रात्रीत आडवे होते. ती बुरशी. माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालू नये.

लावणी संध्याकाळी करावी. तासभर आधी पाणी द्यावे, म्हणजे माती मुळांना धरून येते. रोप उचलताना देठाला चिमटीत धरू नका, पानाला धरा. पान फाटले तर दुसरे येते, देठ दबला की येत नाही. मिरची होती तितकीच खोल लावावी, टोमॅटो दलांपर्यंत पुरला तरी चालतो, त्याच्या देठाला मुळे फुटतात. पहिले तीन-चार दिवस माडाच्या चुडताची सावली द्यावी. पाऊस सुरू झाल्यावर कुंड्या पडवीच्या कडेला, पण पागोळीच्या धारेखाली नव्हे. आता पेरलेली मिरची चतुर्थीच्या सुमारास हाताला लागावी.

शिराळी, पडवळ, तवशी यांचे वेल मूळ दुखावलेले सहन करीत नाहीत. तळाला भोक पाडलेल्या कागदी पेल्यात एकेक बी लावून, दोन खरी पाने येताच पेला फाडून मातीच्या गोळ्यासकट हलवावेत.

आता माझ्या धंद्यातले थोडे. दुकानातले बियाणे गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचे दिसते, ते बुरशीनाशक विषारी औषध चोळलेले असते म्हणून. एका घरी भेटीला गेलो असता आजीबाईंनी उरलेली तसली मेथी उसळीसाठी भिजत घातलेली पाहिली. "धुतली की रंग जाता," असे त्यांचे म्हणणे. रंग जातो, औषध सगळे जात नाही. असले बी खाऊ नये, कोंबड्यांनाही घालू नये. मुलांच्या हाती देऊ नये, आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

पावसात मातीत काम करताना पायाला चीर किंवा जखम असेल तर ती झाकावी, अनवाणी जाऊ नये. उंदराच्या मुतामुळे चिखलातून होणारा लेप्टो आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि मातीत काम केल्याचे आपणहून सांगावे.

त्या वहिनी दिवाळीनंतर पुन्हा आल्या होत्या. गोळ्या पाच महिने नेमाने घेतल्या होत्या, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले होते. पिशवीतून तांबड्या भाजीची जुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी विचारले, "वहिनी, कुंड्यांखाली बश्या ठेवल्या आहेत काय?" त्या म्हणाल्या, "होय तर, पडवी भिजता मगे." त्या बश्यांत आठवडाभर पाणी साचले तर डेंग्यूचे डास त्यातच तयार होतात. दर शनिवारी बश्या उपड्या करून कोरड्या घासायच्या, असे सांगून मी जुडी घरी पाठवून दिली.