पेलाभर जांभूळरस

पुराणात एक नदी आहे, जांभळाच्या रसाची. विष्णुपुराण सांगतं, की एका महाकाय जंबूवृक्षाची हत्तीएवढी फळं डोंगरावर पडतात, फुटतात आणि त्यांच्या रसाची जंबू नदी वाहू लागते. तिच्या काठची माती त्या रसात भिजून, वाऱ्यावर वाळून सोनं होते. त्याच वृक्षावरून आपल्या भूमीला जंबुद्वीप म्हणतात. पाथरीत आजही पूजेच्या संकल्पात स्थळ सांगताना गुरुजी जंबुद्वीपापासून सुरुवात करतात आणि एकेक पायरी उतरत गोदावरीच्या उत्तर तीरावर येऊन थांबतात. जंबू नदीचा एक पेला जून-जुलैत इथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात भरता येतो. आणि त्या पेल्यात जे घडतं, ते पुराणातल्या सोन्याइतकंच थक्क करणारं आहे.

आधी फळ नीट पाहा. पिकलेलं जांभूळ काळंभोर दिसतं, पण चावलं की आतला गर फिकट, कुठे पांढुरका तर कुठे गुलाबीसर निघतो. जवळजवळ सगळा रंग त्या कागदाहून पातळ सालीत असतो. सालीतल्या पेशींमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं साठवलेली असतात. त्यांतलं एक, माल्व्हिडिन, काळ्या द्राक्षांच्या सालीतही मुबलक असतं. म्हणजे नुसता गर पिळला तर गोड पाणी हाती येईल, जांभूळरस नाही. जांभळाचा रस करणं म्हणजे सालीत कोंडलेला रंग गरातल्या गोडव्यापर्यंत आणणं. घरोघरी जी पद्धत चालत आली आहे, तिच्या प्रत्येक पायरीमागे हेच काम आहे.

फळं निवडताना पूर्ण पिकलेलीच घ्या. आंबा अढीत पिकतो, केळं घरात पिकतं. जांभूळ मात्र झाडावरून उतरलं की तिथेच थांबतं. कच्चं ठेवून ते गोड होत नाही. शिवाय साल इतकी नाजूक, की दोन-तीन दिवसांत फळ मऊ पडून आंबायला लागतं. म्हणून जांभळाला लांबचा प्रवास मानवत नाही. पालघरजवळच्या बहाडोलीची टपोरी जांभळं नावाजलेली आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण रसासाठी खरी चैन ज्याच्या गावात झाड आहे त्याचीच. फांदी हलवली, खाली धरलेल्या चादरीवर फळं पडली आणि तासाभरात ती पातेल्यात आली, याला तोड नाही. गावरान जांभूळ लहान असतं, त्यात बीच मोठी. पण फळ जितकं लहान, तितकी गराच्या मानाने साल जास्त. त्यामुळे रस गडद उतरतो.

जांभळं मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. पावसाला सुरुवात झाली की फळमाशीच्या अळ्या आत असू शकतात, त्या बाहेर येतात. मग धुऊन, निथळून स्टीलच्या पातेल्यात घ्या आणि हाताने कुस्करा. मिक्सर नको. बीमध्ये टॅनिन भरपूर असतं. पात्याने बी फुटली की सगळा रस कडवट-तुरट होतो. हाताला बी बरोबर कळते, ती अख्खी राहते.

आता अर्धी वाटी पाणी घालून पातेलं मंद आचेवर ठेवा. साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान, म्हणजे बोट बुडवून ठेवता येणार नाही पण उकळीही फुटलेली नाही अशा वेळी, सालीच्या पेशींची आवरणं ढिली पडतात. इथे पातेल्यावरून नजर हलवू नका. फिकट गुलाबी लगद्यात सालीच्या कडेने जांभळ्या रेघा सुटतात, रेघांचे ओघळ होतात आणि बघता बघता सगळं पातेलं गडद होतं. लगेच आच बंद करा. उकळी आली तर हीच रंगद्रव्यं मोडतात आणि रस तपकिरीकडे झुकतो. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा. चवीला गूळ किंवा साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. बाहेर राहिला तर फळाच्या सालीवरून आणि हवेतून आलेले यीस्ट त्याची साखर खाऊन मद्यार्क करतात, मग जिवाणू त्या मद्यार्काचं आम्ल करतात. जांभळाचा सिरका असाच तयार होतो.

पहिल्या घोटाला जीभ जड होते, तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. हे टॅनिनचं काम. लाळेतली प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्यांना धरून त्यांचा गठ्ठा करतं आणि जिभेला टाळूचं घर्षण जाणवू लागतं. म्हणजे तुरटपणाचा बराच भाग चव नसून स्पर्श आहे. चिमूटभर मिठाने कडवटपणा दबतो आणि गोडी पुढे येते. जांभळाला मीठ लावून खाणाऱ्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं.

खरी जादू अजून बाकी आहे. तीन पेल्यांत अर्धं अर्धं पाणी आणि त्यात चमचाभर रस घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा: रंग झळझळीत लाल होतो. तिसऱ्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाका: निळसर, मग हिरवट. रंगद्रव्य तेच, पण आम्ल मिळालं की त्याच्या रेणूची रचना एक, अल्क मिळालं की दुसरी, आणि प्रत्येक रचना प्रकाशाचा वेगळा भाग शोषते. म्हणूनच बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात पातळ केलेला रस मळकट दिसतो आणि लिंबाच्या दोन थेंबांनी पुन्हा उजळतो. लोखंडाची कढई आणि विळीही रंग बिघडू नये म्हणून दूर ठेवायची. लोह, टॅनिन आणि ही रंगद्रव्यं एकत्र आली की निळसर काळा रंग होतो. जुन्या काळी हिरड्यासारख्या तुरट फळांपासून शाई करत, ती याच रसायनावर.

मधुमेहावर जांभूळ चांगलं, असं घरोघर ऐकू येतं. बियांवर अभ्यास चालू आहेत, पण गोळ्या-इन्सुलिनची जागा रस घेत नाही. आणि गूळ-साखर घातलेला रस तर नाहीच.

झाडाचं एक पान चुरगळून हुंगा. जांभूळ आणि लवंग एकाच प्रजातीतली, सिझिजियमची. पेरू आणि निलगिरी त्याच कुळातले. म्हणूनच पानाला तो सुगंधी, उग्र वास येतो. मसाल्याच्या डब्यातली लवंग या झाडाची सख्खी नातलग आहे.

राहता राहिल्या बिया. त्या उकिरड्यावर टाकू नका. एरवी एका बीतून एक रोप येतं. जांभळाच्या एका बीत अनेकदा एकाहून जास्त गर्भ असतात आणि तिच्यातून दोन, तीन, कधी त्याहूनही जास्त रोपं उगवतात. पण ही बी गव्हा-ज्वारीसारखी वर्षभर साठवता येत नाही. वाळली की काही आठवड्यांत तिची उगवण संपते. आच लागलेल्या बियांचाही भरवसा नाही. म्हणून रसाला बसण्याआधी मूठभर फळं बाजूला काढा, ती तशीच खा आणि बिया त्याच आठवड्यात काळ्या मातीच्या पिशव्यांत टोचा. लवकर फळ हवं असेल तर कलम लावा. चौकशीला परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. बीपासूनच्या झाडाला आठ-दहा वर्षं वाट पाहावी लागते, पण पुढे ते पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं आणि दिवसचे दिवस मुळाशी पाणी तुंबलं तरी तग धरतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकडेला, ढालेगावच्या बंधाऱ्याकडच्या शिवारात, शेताच्या बांधावर जागा पुष्कळ आहे. दर घराने एका पावसाळ्यात दोन रोपं जगवली, तर पाथरीच्या पुढच्या पिढीला जांभळं विकत आणावी लागणार नाहीत.