‘डाय’ देण्याआधी किडनीचा रिपोर्ट विचारा



छातीत दुखते म्हणून घरातल्या आजोबांना आळेफाट्यावर दाखवले आणि डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली, की घरी लगेच चर्चा सुरू होते. कुणीतरी म्हणते, "डाय मारला की किडनी जाते!" मग तपासणी राहून जाते. दुसऱ्या एखाद्या घरी उलटे घडते. कागद इंग्रजीत असतो, विचारायचा संकोच वाटतो आणि आपण सही किंवा अंगठा देऊन मोकळे होतो. पहिल्या घरात भीती आहे, दुसऱ्या घरात गप्प बसणे आहे. नुकसान दोन्हीकडे आपल्याच माणसाचे होते. म्हणून या वेळी आम्ही डायविषयी लिहीत आहोत.

डाय म्हणजे काय?

एक्स-रेमध्ये हाडे स्पष्ट दिसतात, पण रक्तवाहिन्या दिसत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून आयोडीन असलेले औषध रक्तात सोडतात. त्यालाच डाय किंवा कॉन्ट्रास्ट म्हणतात. अँजिओग्राफीत आणि काही सीटी स्कॅनमध्ये ते वापरतात. प्रत्येक सीटी स्कॅनला डाय लागत नाही. महामार्गावर अपघात होऊन डोक्याला मार लागला, तर पहिला स्कॅन सहसा डायशिवायच होतो. सोनोग्राफीत आणि छातीच्या साध्या एक्स-रेतही हा डाय नसतो. एमआरआयचा डाय वेगळा असतो. त्यात आयोडीन नसते, पण किडनी फारच कमजोर असेल तर त्याबाबतही आधी सांगावे लागते.

डाय टोचताना अंगातून गरम लाट गेल्यासारखे वाटते. त्याला घाबरू नये. मात्र अंगावर पित्त उठले, खाज सुटली किंवा श्वास कोंडला तर ती ॲलर्जी असू शकते. लगेच सांगावे.

किडनीला त्रास कसा होतो?

रक्तातला डाय किडनीच लघवीवाटे बाहेर टाकते. निरोगी माणसाचा बहुतेक डाय एका दिवसात निघून जातो. पण जाताना तो किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतो आणि आतल्या नळ्यांच्या पेशींना इजा करू शकतो. किडनी धडधाकट असेल तर ती हे सहन करते. आधीच अधू असेल किंवा शरीरात पाणी कमी असेल, तर दोन-तीन दिवसांत रक्तातले क्रिएटिनिन वाढते. बहुतेकांचे ते एक-दोन आठवड्यांत खाली येते. डायलिसिसची वेळ क्वचितच येते. पूर्वी हा धोका जितका मोठा मानत, तितका तो नाही, असे आता डॉक्टरही मानतात. पण ज्याची किडनी कमजोर आहे त्याच्यासाठी तो खरा आहे.

कोणी जास्त जपावे?

किडनीचा आजार असलेल्यांनी सगळ्यात आधी. त्यानंतर बरीच वर्षे शुगर असलेले, हृदय कमजोर असलेले, म्हातारी माणसे आणि उलट्या-जुलाबांनी गळून गेलेले. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार त्रास दिला, हे आपण जाणतो. हा आजार किडनीला आतून पोखरतो आणि बराच काळ काहीच जाणवू देत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. टोमॅटोच्या तोडणीला किंवा कांद्याच्या काढणीला जाणारी माणसे उन्हात पाणी कमी पितात आणि कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतात. अशा गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात डायची भर पडली तर ओझे वाढते.

नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्याने फसू नका

क्रिएटिनिन १.२ आले की "नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवतात. पण पंचवीस वर्षांच्या तरुणाचे १.२ आणि सत्तर वर्षांच्या आजीचे १.२ सारखे नसते. वय आणि स्त्री-पुरुष फरक धरून ‘ईजीएफआर’ काढतात. त्या तरुणाचा तो ८५ च्या आसपास येतो, आजीचा मात्र ५० च्या खाली! ईजीएफआर ६० च्या वर असेल तर सहसा काळजी नसते. ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना जास्त सावध राहावे लागते. म्हणून रिपोर्टवर हा आकडा शोधा, नसेल तर विचारा.

तपासणीआधी

आपला रुग्ण धोक्याच्या गटात असेल तर क्रिएटिनिन आधी तपासून घ्या. नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे चौकशी करा. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. किडनी कमजोर असल्यास डॉक्टर ती दोन दिवस थांबवतात. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही विचारा. पाणी किती प्यायचे तेही विचारून घ्या. ज्याला सूज आहे, ज्याचे हृदय कमजोर आहे किंवा जो डायलिसिसवर आहे, त्याला जास्त पाणी बाधू शकते. मागच्या काही दिवसांत डाय दिला असेल तर तेही सांगा.

मग थेट विचारा: "डायशिवाय हे कळेल का? किडनीचा रिपोर्ट पाहिलात का?" असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खाजगी रुग्णालयांना महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. संमतीचा कागद समजेल अशा भाषेत समजावून घ्या, मगच सही करा.

एक अपवाद लक्षात ठेवा. हार्ट अटॅक आला असेल तर रिपोर्टची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. किडनीच्या भीतीने तेव्हा नकार देऊ नका. तिथे जीव वाचवणे पहिले.

तपासणीनंतर

धोका असलेल्यांनी दोन ते तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. रुग्णालयातून आधीच घरी सोडले असेल तर ही तारीख कागदावर लिहून मागा. लघवी कमी झाली, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज आली, धाप लागली किंवा मळमळ थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तथागतांनी दुर्लक्षित पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती. आपल्या वस्तीत आज तशी सेवा म्हणजे शिकलेल्या मुलामुलीने शेजारच्या आजीसोबत दवाखान्यात जाणे, तिचे रिपोर्ट एका पिशवीत लावून ठेवणे आणि तिच्या वतीने दोन प्रश्न विचारणे. या रविवारी विहारात वंदना झाल्यावर शुगर असलेल्या घरांची यादी करा. ज्यांनी वर्षभरात क्रिएटिनिन तपासलेले नाही, त्यांना सोबत घेऊन जा.